तेलाच्या डब्यात जिरलेला आवाज

भाऊजींनी दूरदूरच्या लोकांशी बोलायचा जुना हॅम रेडिओ 'सुधारायला' घेतला आणि ताईचं शिवणयंत्र पलंगाखाली गेलं. तीन वर्षांत सुधारलं काय, तर एकवीस कपॅसिटर आणि आठ व्हॉल्व्ह. भाऊजी होते तसेच. आज पहिल्यांदा संच चालू व्हायचा होता. नाही झाला तर भंगारात, असं ताईने बजावलेलं. भंगारवाला मीच आणला होता. तो खाली उभा होता.

"एरियल कुठाय, भाऊजी?" मी दारातूनच विचारलं.

"चाचणीला लावत नाहीत. त्याच्या जागी हा तेलाचा डबा जोडलाय, सगळी शक्ती यातच जिरते. बाहेर कुण्णाला ऐकू जात नाही."

"मग बोलणार कोणाशी, डब्याशी?" ताई म्हणाली.

डब्याला यांच्यापेक्षा जास्त अक्कल असेल, असं माझ्या मनात आलं. मी ओठसुद्धा हलवला नाही.

भाऊजी माइकमध्ये म्हणाले, "हॅलो. एक, दोन, तीन."

"स्पष्ट," स्पीकरमधून शांत आवाज आला. "तीन वर्षं स्पष्टच येतंय."

ताईच्या हातातली कात्री पडली.

"डब्याला अक्कल जास्त, असं दारातले पाहुणे आत्ता मनात म्हणाले, तेही आलं. भंगारवाला कंटाळून गेलाय. पाहुण्यांना आत घ्या आणि दार लावा."