दोनशे बारावं झाड

मुलीने दोनशे अकराव्या निलगिरीवर छातीच्या उंचीला पिवळा पट्टा ओढला आणि वहीत नोंद केली. पिवळा पट्टा म्हणजे पावसाळ्याआधी झाड तोडायचं. ओढ्याकाठच्या या सगळ्या निलगिऱ्या तिच्या बापाने लावलेल्या. तीस वर्षं तो या बागेचा माळी होता. रोपं त्याला पाणलोट कार्यालयानेच दिली होती. आता त्याच कार्यालयात मुलगी अधिकारी आहे. रोपं हौसेने लावली, ती जोमाने वाढली आणि अख्खा ओढा पिऊन बसली. दोष द्यायचा तरी कुणाला?

"बागेतली संपली, बाबा. तुम्ही घरी जा आता."

तो जागचा हलला नाही. वरच्या राखीव रानात एकही निलगिरी नाही, नकाशात तसं स्पष्ट आहे, तेव्हा वर्षा-दोन वर्षांत ओढ्याचा आटलेला झरा पुन्हा वाहील, असं ती सांगत होती. मागच्या वर्षी नकाशावाल्यांना रान दाखवत हिंडला होता तो हाच बाप. एक जागा तेवढी त्याने वळसा घालून चुकवली होती. मूठ झाकलेली होती आणि झाकलेलीच राहिली असती.

"दोनशे बारा," तो म्हणाला. "चल."

कुंपणाचं फाटक उघडून तो पुढे झाला. मुलीचा आधार काही त्याने घेतला नाही. चढावर, झऱ्याच्या तोंडाशीच, एक निलगिरी उभी होती, कवेत न मावणारी. बुंध्याशी सपाट दगड. मुलीने तो लगेच ओळखला. आई बापाचा डबा घेऊन यायची, तेव्हा घटकाभर याच दगडावर बसायची. वीस वर्षांपूर्वी आई गेली, त्याच महिन्यात त्याने हे झाड लावलं होतं.

मुलीने वही मिटली. एका झाडाने असं काय होणार आहे, नकाशात नाही तर विचारतंय कोण, असं ती पुटपुटली. ऊठसूट नियमावर बोट ठेवणारी ही पोरगी असं बोलते याचं त्याला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

त्याने तिच्या हातातून ब्रश घेतला. पट्टा ओढताना रेघ वाकडी गेली. त्याने ती पुन्हा गिरवून सरळ केली. मग तो दगडावर टेकला.

"तुझी आई इथं सावलीला येत नव्हती गं. सावली तेव्हा होतीच कुठे? पाण्याचा आवाज ऐकत बसायची."