वरची फळी

"ताई, तुमचे बूट खालीच राहिले की," बडबडी म्हणाली.

"असू दे," म्हणत ताई केस बांधत राहिल्या.

धाकटीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती आपल्याच बुटांकडे बघत होती. ते वर होते. लाकडी मांडणीच्या वरच्या फळीवर, अगदी कडेला, पण वर.

या संघाची एक रीत होती. हंगामाचा संघ जाहीर व्हायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या पोरी निघून गेल्या की ताई एकट्या मागे थांबायच्या. कोण संघात येणार आणि कोण घरी जाणार, याचा आपला अंदाज बांधायच्या. येणाऱ्यांचे बूट वरच्या फळीवर, जाणाऱ्यांचे खालच्या. सकाळी सर नावं वाचायला यायच्या आधीच पोरींना आपलं नशीब कळायचं. ताई संघाच्या कप्तान, गोलकीपर. त्यांची फळी आजवर कधी चुकली नव्हती. सरांची यादी कागदावरची, ताईंची काळ्या दगडावरची, असं बडबडी म्हणायची. ही बडबडी आघाडीला खेळायची. ती पायानं जास्त गोल करते की समोरच्यांचं डोकं खाऊन, हे सरांनाही नक्की सांगता आलं नसतं.

धाकटीची छाती फुगली. संघात गोलकीपर दोनच घेतात आणि शिबिरात होत्या तिघी: ताई, शिडी म्हणून ओळखली जाणारी उंच मुलगी, आणि ती स्वतः. नाव आलं नाही तर गाशा गुंडाळून काकांच्या बेकरीत गल्ल्यावर बसायचं, हे घरी ठरलेलंच होतं. काका तर खुर्चीही पुसून बसले होते. आता बसा म्हणावं तुम्हीच. यंदा सर तिघींना घेणार, तिनं मनाशी ठरवून टाकलं. ताईंनी आपले बूट संकोचानं खाली ठेवले असतील. ताईंशिवाय संघ म्हणजे जाळीशिवाय गोल.

तिनं बूट खाली काढले. काल सरावात तिची एक नाडी तुटली होती आणि गाठ मारून तिनं कशीबशी वेळ मारून नेली होती. आज दोन्ही बुटांत धडधाकट नाड्या होत्या. साहित्य सांभाळणाऱ्या मामांनी घातल्या असतील. आज सगळं जगच आपल्यावर खूश आहे, असं वाटून ती बूट मांडीवर घेऊन बसली.

सर आले. चष्मा लावला आणि वाचायला लागले. आधी बचावफळी, मग मधली, मग आघाडी. बडबडीचं नाव आल्यावर तिनं स्वतःच टाळ्या वाजवल्या. गोलकीपर सरांनी शेवटी ठेवले होते. शिडीचं नाव आलं. मग ताईंचं. मग कागदाची घडी झाली आणि खिशात गेली.

धाकटीचा चेहरा उतरला. हातातले बूट एकदम परक्याचे वाटायला लागले. रडायचं नाही एवढं तिला कळत होतं, बाकी काही कळत नव्हतं. ती उठली आणि बूट खालच्या फळीवर ठेवायला वाकली.

"ठेव ते वर," ताई म्हणाल्या.

"ताई, यंदा चुकलात तुम्ही," बडबडी हळूच म्हणाली. सरांनाही हसू आलं. इतकी वर्षं त्यांची यादी त्यांच्याआधी फुटत होती.

"माझी नाही चुकली. तुमची चुकली, सर," ताई उठून उभ्या राहिल्या. "माझं नाव खोडा."

"हा एक हंगाम खेळ. मला अनुभव लागतो."

"अनुभव मैदानाबाहेर उभं राहूनही देता येतो. परवा हिनं जो चेंडू अडवला ना, तो कुठून सुटला ते मला दिसलंसुद्धा नाही. आणि हिनं धरला." ताईंचा आवाज चढला, पण त्यात राग नव्हता, मुलीचा निकाल शेजारणीला सांगताना आईचा चढतो तसा तो चढला होता. "उडी कशी घ्यायची, पडायचं कसं, पडल्यावर उठायचं कसं, सगळं मी शिकवलंय हिला. आता मीच वाट अडवून बसू? आणि माझी फळी आजवर चुकली नाही, ती शेवटच्या वर्षी चुकू देऊ होय?"

सरांनी खिशातला कागद काढून घडी उलगडली आणि पेन मागितलं. बडबडीनं ते न बोलता दिलं.

धाकटीला मात्र ते सहन होईना. तिनं मान वर केली. "ताई, माझं नाव आलं नाही म्हणून दया करून जागा सोडू नका. मी बेकरीत बसेन. पण अशी मिळालेली जागा मला नको."

ताई हसल्या. जे शिकवलं नव्हतं तेही पोरगी शिकली होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हे आत्ता ठरलेलं नाही, वेडाबाई. खाली बघ."

धाकटीनं खालच्या फळीकडे पाहिलं. ताईंचे बूट स्वच्छ पुसून, जोडीनं लावून ठेवलेले होते. त्यांना नाड्या नव्हत्या.