मोराचा डोळा

म्हातारे विणकर चनमल्लप्पा झेंडूचा हार घेऊन चादरींचे नमुने बनवणाऱ्या अभिमन्यूच्या दुकानात शिरले आणि तो खुर्चीतून उठला. आज खंडेनवमी. भवानी पेठेत जो तो आपापल्या मागाची पूजा करत होता, आणि इथं अभिमन्यूचा कॉम्प्युटर सकाळपासून लाल अक्षरं दाखवत होता. कुण्या चोरानं इंटरनेटवरून आत शिरून सगळ्या फायली कुलूपबंद केल्या होत्या, जादा प्रती ठेवलेल्या नि लावूनच असलेल्या पेनड्राइव्हसकट.

ब्राउझर अपडेट करा, प्लगइन जुनं झालंय, असं ते यंत्र बिचारं वर्षभर विनवत होतं. हा शहाणा दर वेळी ‘नंतर’ दाबायचा. ऐन कामात कोण थांबणार? खंडेनवमीला यंत्राला लिंबू मात्र न चुकता बांधायचा.

त्या फायलींत चादरींचे नमुने होते, आणि चनमल्लप्पांच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, चौकटीच्या कागदावर काढलेला एक मोर. तो मागावर कधी चढलाच नव्हता; आता नात सृष्टीच्या लग्नाच्या चादरीवर विणायचा होता. कागदाला वाळवी लागलेली. स्कॅन झाल्यावर अभिमन्यूच म्हणाला होता, आता मोर अमर झाला, कागदाची काळजी सोडा. म्हाताऱ्यानं कागदाला विभूती लावली आणि फाटकी पोथी सोडावी तसा तो तळ्यात सोडला.

चनमल्लप्पांनी मॉनिटरला हार घातला, हात जोडले. “आण्णाचा मोर ह्यात हाय की.”

अभिमन्यूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून त्यानं सगळं सांगून टाकलं, त्या ‘नंतर’सकट. म्हणाला, “मोर गेला, आप्पा. माझ्यामुळं गेला.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत टेकले. मग म्हणाले, मी सांगतो, तुमी काढा.

अभिमन्यूनं कागद-पेन्सिल घेतली. चनमल्लप्पा डोळे मिटून सांगू लागले. मान डावीकडं, पिसारा मिटलेला, पाय वेलीवर. तुरा झाला, चोच झाली. मग ते अडले.

“डोळा वाळवीनं खाल्ला व्हता. तेवढा तुमी काढला व्हता. कसा काढला व्हता?”

अभिमन्यूची पेन्सिल थांबली. घाईगडबडीत कुठल्याशा टॉवेलवरच्या पोपटाचा डोळा उचलून त्यानं आप्पांना न सांगता तिथं चिकटवला होता.

“सांगा की,” चनमल्लप्पा डोळे मिटूनच म्हणाले.