पुढे काय झालं

शाळा सुटल्यावर उर्वी गाडीत शिरली आणि बॅग पाठीवरून न काढताच म्हणाली, "आई, थांब. नेओमीला तुझ्याशी बोलायचंय. आत्ताच."

"इथे? मागे किती गाड्या आहेत बघ!"

"प्लीज. काल मला एन्डिंग सांगितलंस ना, ते तिला हवंय."

चारुताने हँडब्रेक ओढला. वर्गात वाचायला दिलेली ती गोष्ट उर्वीने काल संपवली होती. हिटलरच्या काळातल्या एका ज्यू मुलीची. तिला कशाचीच कल्पना नसते. कोंबून भरलेली आगगाडी म्हणजे तिला सहल वाटते. शेवटच्या पानावर सगळ्यांना आंघोळीसाठी एका मोठ्या खोलीत नेतात, दार लागतं आणि पुस्तक संपतं. "पुढे काय झालं?" नऊ वर्षांच्या उर्वीने विचारलं होतं. ती खोली विषारी वायूची होती हे ठाऊक असूनही, पोळी लाटता लाटता चारुता म्हणाली होती, "काय होणार? आंघोळ केली, घरी गेली."

उर्वीची वर्गमैत्रीण नेओमी धावत आली. तिला न्यायला आलेले पणजोबा काठी टेकत मागून येत होते.

"ती मुलगी खरंच घरी गेली?" नेओमीने धापा टाकत विचारलं. "माझ्या या ग्रँडपाची बहीणही तशीच गेली होती. सहा वर्षांची होती. पुढे काय झालं, ते त्यांना माहीतच नाही म्हणतात. तुम्ही सांगाल त्यांना?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला. रांग सांभाळणाऱ्या शिक्षिकेने पुढे व्हा म्हणून हात केला. चारुताने गिअर टाकला, पुन्हा काढला. मग काच पूर्ण खाली केली.

"नेओमी, मी उर्वीशी खोटं बोलले. ती घरी नाही गेली."

"मग कुठे गेली?" मागच्या सीटवरून उर्वीने विचारलं.

आणखी दोन हॉर्न वाजले. तोवर म्हातारबाबा खिडकीपाशी पोहोचले होते. सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं. त्यांनी नेओमीकडे पाहिलं, मग उर्वीकडे. मागचं दार उघडून नेओमीला आत बसवलं आणि स्वतःही हळूहळू तिच्या शेजारी बसले.

"इंजिन बंद करा," ते चारुताला म्हणाले. "मला वेळ लागेल."