माहेरचं टक्कल

डॉक्टरांनी निळ्या पेनने मुलाच्या कपाळावर रेघ ओढली आणि आरसा त्याच्या हातात दिला. रेघ चांगली खाली होती. शाळेत असताना त्याचे केस जिथून सुरू व्हायचे, अगदी तिथेच. बावीस वर्षांचा मुलगा आरशात बघून हसला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या आईला त्या हसण्याचीच धास्ती वाटली.

"किती टिकतील?" मुलाने विचारलं.

"लावलेले टिकतात. ते मानेच्या वरच्या भागातून काढतो, तिथले केस सहसा गळत नाहीत. प्रश्न तुमच्या मधल्या केसांचा. ते गळत राहिले तर पुढे झालर आणि मागे मैदान." डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणून आधी घरातली डोकी बघावी लागतात. टक्कल कोणाकडे आहे?"

"आईकडे," मुलगा लगेच म्हणाला. "मामा, आजोबा, सगळे तुळतुळीत. नाहीतर बाबांकडे बघा. पन्नाशी उलटली तरी केवढं रान आहे."

बाबा भिंतीला खुर्ची टेकवून बसले होते. कपाळावरचे दाट केस मागे वळवून चापून बसवलेले. त्यांनी मान तसूभरही हलवली नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उशीवर केस सापडला की मुलगा तो तिच्यासमोर धरायचा. "घे, तुझ्या माहेरचा आहेर." चोर सोडून संन्याशाला फाशी. तिचा भाऊ तर बिचारा त्यांच्या घरी आला की टोपीसुद्धा काढेनासा झाला होता. आणि नवरा हे सगळं ऐकत निवांत जेवत राहायचा. तोच नवरा रोज सकाळी दाराला कडी लावून तिच्यापुढे स्टुलावर बसे, आणि ती त्याच्या टाळूवर काळी पावडर भुरभुरवे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो म्हणे. झाकायचं काम मात्र तिच्याकडे.

"साहेब, तुम्ही कधी काही केलंय का केसांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेल लावतो," नवरा म्हणाला. "नियमाने."

"मग छान. केसांची ठेवण मामांची नाही, वडिलांचीच दिसते; तेव्हा हे गळणं लवकरच थांबेल. मागचा साठा राखून ठेवायचं कारण नाही. सगळा पुढेच वापरू, एकदम दाट. उद्या सकाळी या."

"सगळा?" तिने विचारलं. "आणि पुढे कधी लागले तर?"

"काढले तिथे पुन्हा उगवत नाहीत, ताई. तो साठा एकदाच मिळतो."

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, सांगा ना."

"काय सांगू?" तो छताकडे बघत म्हणाला. "त्याची एवढी हौस आहे. होऊ दे."

मुलाच्या डोक्याचं वाटोळं झालं तरी चालेल, पण स्वतःची टाळू झाकलेली राहिली पाहिजे. इतकी वर्षं मूग गिळून बसल्याचा तिला एकदम वीट आला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "यांना जरा वाकायला सांगा."

नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने भर रस्त्यात त्याचा शर्ट उतरवला होता. पण डॉक्टर उठलेच होते. त्यांनी दिवा जवळ ओढला, त्याची मान हलकेच खाली केली आणि केसांत बोटं घातली. बोटांची टोकं काळी झाली. पुढे चार बोटं रुंदीची दाट पट्टी होती. तिच्यामागे, पावडर पुसली गेली तशी, गुळगुळीत टाळू दिसू लागली. बाप मुलापेक्षा वीतभर उंच. मुलाने त्याचं डोकं वरून असं आज पहिल्यांदाच पाहिलं.

"केव्हा लावून घेतलेत हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"हा लहान होता तेव्हा."

"नंतर गोळ्या घेतल्यात?"

"वर्षभर घेतल्या," खाली वाकलेल्या डोक्यातून आवाज आला. "केस आले होते. म्हटलं, आता कशाला."

"लावलेल्यांना त्या लागत नाहीत. उरलेल्यांना लागतात." डॉक्टरांनी मानेवरचे केस चाचपले. "आणि इथे आता काढण्यासारखं काही उरलेलं नाही."

त्यांनी हात धुतले, कापसाला स्पिरिट लावलं आणि मुलाच्या कपाळावरची रेघ पुसून टाकली. "आधी औषधं. दोन-तीन वर्षं बघू काय होतंय ते. आत्ता सगळे पुढे लावले, तर वडिलांच्या वयाचे व्हाल तेव्हा असेच वाकून बसाल."

आरसा अजून मुलाच्या हातात होता. तिला मात्र खूप वर्षांनी हलकं वाटत होतं. आता विचारेल, तिच्या मनात आलं. बापाला विचारेल, की मी इतकी वर्षं आईला बोलत होतो तेव्हा तुम्ही गप्प का बसलात. निदान मामाला लावलेला बोल तरी मागे घेईल.

मुलाने बापाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग आई, तू तरी सांगायचं होतंस ना."

नवऱ्याने मान वर केली. पुढचे केस हाताने मागे सारून नीट बसवले. आणि तोही तिच्याकडे बघू लागला, जणू हाच प्रश्न त्यालाही कधीपासून तिला विचारायचा होता.