राजीनामा हो गया

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याहून वकिलाचा निरोप आला, तेव्हा जयमाला मेथी निवडत होती. 'आज राजीनामा हो गया. साहब कल लौटेंगे.'

तिने तो दोनदा वाचला. धाकट्या भावाशी चाललेल्या शेताच्या खटल्यासाठी तिचा नवरा दिवाकर तिकडे गेला होता. वर्ध्याच्या कॉलेजातल्या नोकरीला तो कंटाळला होता आणि सोडून देतो, असं अधूनमधून म्हणायचा. आता खरंच सोडली होती, तिला न विचारता. त्याचा फोन बंद होता.

मुलींच्या एका वसतिगृहाने तिला स्वयंपाकघर सांभाळायला बोलावलं होतं. दिवाकर महिनाभर नको म्हणत होता. त्या संध्याकाळी ती तिथे गेली आणि सोमवारपासून येते, असं सांगून आली.

दुसऱ्या दिवशी दिवाकर परतला. त्याच्यामागे संत्र्यांची पिशवी घेऊन धाकटा दीर उभा होता. नऊ वर्षांनी तो या दारात आला होता.

"नोकरी सोडलीत?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी? कोण म्हणालं?"

तिने फोन पुढे केला. दिराने वाचलं आणि तो हसला. "वहिनी, आमच्या कोर्टात राजीनामा म्हणजे समझोता. खटला मिटला आमचा."

जयमाला खुर्चीत बसली. जरा वेळाने तिने वसतिगृहाचं सांगितलं.

"मग आता नाही म्हणून कळव," दिवाकर म्हणाला.

"सोमवारी मला साडेपाचला निघायचंय. चहा तुम्ही करून घ्या," ती म्हणाली आणि दोघा भावांची पानं वाढायला उठली.