सोबतीला कोण

"तुझा खून मला मान्य आहे," सुनेत्रामावशी म्हणाल्या, "पण हा नववा भाग शुद्ध थाप आहे." आणि छापलेल्या पानांचा गठ्ठा त्यांनी श्रीरंगच्या डायनिंग टेबलवर आपटला.

श्रीरंगने कॉफीचा कप खाली ठेवला. नववा भाग म्हणजे कादंबरीचा कणा. आठवडाभर ऑफिसात लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या आणि शनिवार-रविवार तालुक्याच्या गावात खून पाडायचे, असं त्याचं अकरा वर्षं चाललं होतं. शिकवणारा कोणी नव्हता. जे आलं ते खरडून खरडून आलं. आधी खुनी ठरवायचा, मग शेवटाकडून उलटं मागे यायचं, कोण किती वाजता कुठे होतं ते एक्सेलमध्ये मांडायचं. पुण्याच्या प्रकाशकाने तीन कादंबऱ्या परत केल्या होत्या. दर वेळी शेरा एकच: रहस्य पक्कं, माणसं कच्ची. ही चौथी सोमवारी पाठवायची होती. "ही शेवटची वाचतो," असं प्रकाशकाने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

मावशी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या मोनाची आई. सहा महिन्यांसाठी इथे अमेरिकेत, एडिसनला आलेल्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, म्हणून तर श्रीरंगने त्यांना कादंबरी वाचायला दिली होती. विषाचा डोस बरोबर आहे का, एवढंच पाहायला.

"डोस ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "पण फोटोग्राफर मेल्याच्या तिसऱ्या रात्री त्याची बायको घरात एकटी झोपलीय, आणि खुनी मागच्या दाराने येऊन कपाटातलं मेमरी कार्ड नेतो. एकटी कशी?"

"नवरा मेलाय तिचा. मूलबाळ नाही. एकटीच असणार ना!"

"अरे, नवरा मेलाय म्हणूनच एकटी नसणार!"

"मावशी, ही कादंबरी आहे. थोडी सूट घ्यावी लागते."

"मग न्यूयॉर्कात पाडायचास खून. गाव कशाला घेतलंस?"

श्रीरंगचं डोकं सणकलं. हा भाग त्याने चौदा वेळा लिहिला होता. कडी कुठली, कुत्रं कोणाचं, लाइट किती वाजता जातात, चंद्र कधी उगवतो, सगळं तपासलं होतं. एक्सेलमध्ये चंद्रसुद्धा होता. शेजारीण नव्हती.

"त्या घरात चूल पेटवत नाहीत," मावशी सांगायला लागल्या. "समोरची पिठलं-भाकरी आणते, मागची चहाचा थर्मास. दिवसभर माणसांचा राबता. रात्री दोघी-तिघी सोबतीला झोपतात, एखादी थेट उंबऱ्याला डोकं लावून. तुझा खुनी काय सगळ्यांच्या अंगावर पाय देत जाणार?"

"मग त्याने कार्ड न्यायचं कसं?"

"त्याने कशाला? त्याची बायको जाईल की सोबतीला. दहा रात्री त्या बाईच्या शेजारी अंथरूण घालेल. तिच्या डोक्यावरून हात फिरवेल. तिचा डोळा लागला की उठेल आणि कपाट उघडेल."

श्रीरंगच्या अंगावर सर्रकन काटा आला. अकरा वर्षं ऊरफोड करून जे हाती लागलं नव्हतं, ते ही बाई पदराने हात पुसत सांगून मोकळी झाली होती. तिथल्या तिथे वाकून पाया पडावं असं त्याला वाटलं. त्याने लॅपटॉप ओढला, नववा भाग निवडला आणि पुसून टाकला. सोमवार गेला खड्ड्यात. प्रकाशकाकडे पंधरा दिवस मागू, नाक घासून मागू.

"पण एक सांग," मावशी म्हणाल्या. "तूही गावातलाच ना? मग ही एकटी बाई तू आणलीस कुठून?"

श्रीरंगने लॅपटॉप मिटला.

"माझे बाबा वारले तेव्हा मी गावी गेलो नाही, मावशी," तो म्हणाला. "व्हिसाचं अडकलं होतं. गेलो असतो तर परत येता आलं नसतं. याच खुर्चीत बसून फोनवर सगळं पाहिलं. इथे कोणाला सांगितलंही नाही."

"आणि आई?"

"आई तिकडे. मी एकुलता एक. तीन वर्षं रोज रात्री तेच दिसतं. ती खाटेवर, आणि सगळं घर रिकामं."

"तिला विचारलंस कधी?"

त्याने नकारार्थी मान हलवली. विचारलं आणि 'हो, एकटीच होते' असं तिने सांगितलं, तर काय करायचं होतं?

"लाव फोन," मावशी म्हणाल्या. "आत्ता लाव. तिकडे संध्याकाळ आहे, घरीच असेल."

त्याने मोबाइल टेबलवर उभा करून व्हिडिओ कॉल लावला. आईने उचलला तो फोन कपाळाला लावूनच; स्क्रीनवर नुसतं कपाळ. "का रे? आज सकाळीच? बरा आहेस ना?"

"बरा आहे. आई, बाबा गेले तेव्हा रात्री तुझ्याजवळ कोण असायचं?"

"हे काय मध्येच?"

"सांग ना."

"कोण नव्हतं ते विचार! समोरची सुचित्रा, तिची सासू, पाटलांच्या दोघी जावा, पोस्टातल्या बाई. ती सासू काय घोरायची रे! आणि पहाटे चारलाच चहा टाकायची."

श्रीरंग प्रत्येक नावाला मान लववत होता. आईला ते दिसत नव्हतं, तरी त्याचे हात जोडले गेले होते.

"खरं सांगू?" आई म्हणाली. "त्या बायांनी मला दहा दिवस एकटीला रडूसुद्धा दिलं नाही."